दिघ्यांचा अहवाल

१

मुकुंद जामदारच्या तोंडात कागद कोंबलेला होता.

शरच्चंद्र दिघ्यांना आधी दिसला तो कागदच. डोक्याकडे बघायचं त्यांनी टाळलं, पण किती वेळ टाळणार? डावी बाजू पार चेचली गेली होती आणि कान जिथे असतो तिथे काय उरलं होतं ते न सांगितलेलंच बरं. रक्त भिंतीवर पंख्याच्या उंचीपर्यंत उडालं होतं. गेल्या महिन्याच्या स्फोटात वाकलेला एक दोन फुटी पाना मुकुंदने टेबलावर ठेवलेला असे, रोज डोळ्यांसमोर राहावा म्हणून. तोच आता खुर्चीपाशी पडला होता आणि त्याच्या जबड्यात केस अडकले होते.

"काका, तुम्हाला उगीच नाही बोलावलं," इन्स्पेक्टर सोळंकी म्हणाले. माणूस गुजराती, पण लहानपण बडोद्याच्या दांडिया बाजारात दिघ्यांच्या शेजारी गेलेलं, त्यामुळे मराठी झकास, फक्त 'ना'च्या जागी बडोदेकरी 'ने' यायचं. त्यांनी चिमट्याने तो बोळा ओढला. बरोबर एक दात निघून आला. कागद उलगडून त्यांनी दिव्यासमोर धरला.

टाइप केलेलं पान होतं. शेवटची ओळ रक्तातूनही स्पष्ट वाचता येत होती. 'सबब, हा निर्णय अक्षम्य होता.' आणि त्याखाली सही, शरच्चंद्र गणेश दिघे, निवृत्त फॅक्टरी इन्स्पेक्टर.

दिघ्यांनी सही पुन्हा वाचली. बेचाळीस वर्षांत त्यांनी बॉयलर फुटलेले पाहिले होते, पट्ट्यात ओढली गेलेली माणसं पाहिली होती. स्वतःची सही प्रेताच्या तोंडातून बाहेर आलेली मात्र कधी पाहिली नव्हती.

कारखान्याच्या माडीवरच्या त्या खोलीत धुमश्चक्री झालेली दिसत होती. खुर्ची मोडली होती, फायली सांडल्या होत्या, काचेचा पेला फुटून त्याचे तुकडे सगळीकडे होते. एकच गोष्ट जागच्या जागी होती. टेबलाशेजारी फरशीवर एक तांब्याची कळशी उभी होती, काठोकाठ भरलेली. आजूबाजूची फरशी कोरडी होती. पाण्याचा माठ तर दारापाशी होता, मग ही कळशी इथे कशाला, असं दिघ्यांच्या मनात आलं आणि तेवढ्यावरच राहिलं, कारण बाहेरून आरडाओरडा ऐकू आला.

मारेकरी सापडला होता. निदान सोळंकींचं तसं म्हणणं होतं. कारखान्याचा फिटर गजेंद्र मोहिते याला पहारेकऱ्याने प्रेताशेजारी गुडघे टेकून बसलेला पकडला होता. दोन शिपाई त्याला लाठ्यांनी झोडपत गाडीकडे नेत होते. त्याच्या दोन्ही हातांची बँडेजं लाल झाली होती. दिघे दिसताच तो थांबला आणि तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला, "सायेब, चूक त्यांची म्हणून तुमीच लिवलंत न्हवं? मग मला का मारत्यात?"

२

गोष्ट सत्तर सालची. करजणच्या रस्त्याला जामदार आणि शितोळे यांचा वार्निशचा कारखाना होता. मुकुंद जामदार कारखाना चालवी, आणि उदयसिंहराव शितोळे हे भागीदार आपल्या बंगल्यात बसून मतं देत.

ऑगस्टमध्ये एक पाइप गळू लागला. त्याच्यावर थिनरची टाकी होती, साखळीच्या कप्पीने वर चढवून टांगलेली, चारशे लिटरची. पाइप जोडायचा तर वेल्डिंग करावं लागणार, आणि थिनरच्या शेजारी ठिणगी म्हणजे काय हे कुणीही सांगेल. उदयसिंहराव म्हणाले, दहा दिवस कारखाना बंद ठेवा, सगळंच उतरवून धुऊन मग करा. मुकुंद म्हणाला, दहा दिवसांची गरज नाही, टाकी रिकामी केली की एका दुपारचं काम आहे. त्याचंच चाललं.

त्या दुपारी टाकी भरलेली होती आणि वर नव्हतीच. ती जमिनीवर उतरवलेली होती, वेल्डिंगच्या जागेपासून चार हातांवर. पहिल्या ठिणगीला मागची भिंत उडाली. पाच माणसं जळून कोळसा झाली. त्यातला एक गजेंद्रचा धाकटा भाऊ नारायण. गजेंद्र आगीत शिरला आणि त्याने भावाला बाहेर ओढलं. भाऊ वाचला नाही, पण गजेंद्रच्या तळहातांची कातडी मात्र त्या ओढण्यात गेली.

मग अहवाल लिहायला दिघ्यांना बोलावलं. त्यांनी सगळ्यांना घरी बोलावून विचारलं. मुकुंदचं एकच पालुपद होतं, मी चिठ्ठी दिली होती, टाकी खाली करून मगच वेल्डिंगला हात घाला. दिघ्यांनी मनात म्हटलं, थापा मारतोय. रिकामी केलेली टाकी फुटते होय?

पाळीचे प्रमुख दिनकरराव भोसेकर यांनी वेगळं सांगितलं. आठच महिन्यांपूर्वी कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यातून आलेला, अबोल, कामाला वाघ माणूस. साहेबांची चिठ्ठी मलाच मिळाली, टाकी उतरवा असं लिहिलं होतं, मी माणसांना तसं सांगितलं आणि जेवायला गेलो, चिठ्ठी स्फोटात जळाली. एवढं बोलून ते थांबले. ज्यांना सांगितलं ते पाचही मेलेले. दिघ्यांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "कप खाली करा आधी, मग सही करा." दिनकररावांनी भरलेला कप तसाच खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवला आणि सही करून निघून गेले. चहावर साय धरली. दिघ्यांना वाटलं, माणसाला आपलं विचारणं लागलं असावं.

आणि मग त्यांनी ती ओळ लिहिली. खरं सांगायचं तर लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर मुकुंदचा निर्णय नव्हताच. समोर होती ती ओळीने मांडलेली पाच पांढरी कापडं. तेवढी प्रेतं बघितल्यावर वेगळं काही लिहायला हात वळला नसता.

अहवाल कामगारांच्या हाती पडला त्या दिवशी नागरवाड्यात मुकुंदच्या घरावर दगड पडले. गजेंद्रने फाटकापाशी उभं राहून कुणाकडून तरी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचून घेतली, कारण त्याला वाचता येत नव्हतं, आणि म्हणाला होता, याला सोडत न्हाई. हे शंभर माणसांनी ऐकलं होतं.

३

शुक्रवारी सकाळी दिघे कोठडीत गेले तेव्हा गजेंद्रचा एक डोळा मिटला होता. उजव्या हाताचं बँडेज काढून टाकलं होतं आणि उघड्या मांसावर लाठीचा आडवा वळ होता. तीन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. कोपऱ्यात ओल्या मिठाची वाटी पडली होती. ती कशासाठी आणली होती हे दिघ्यांनी विचारलं नाही.

बाहेर व्हरांड्यात नारायणची बायको पद्मा डबा घेऊन बसली होती. नवरा गेला, आता घरात कमावता एक दीर, तोही फासावर जायच्या बेतात. तिने दिघ्यांकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढला. एवढंच केलं, पण दिघ्यांना ते चपराकीसारखं लागलं.

सोळंकींनी सांगून टाकलं, "उद्या अकराला कोर्टात उभा करणार, काका. तोवर कबुली देईल. केस तर साफ आहे ने. दगड यांनीच मारले, धमकी यानेच दिली, रक्त याच्याच हाताला."

गजेंद्रचं म्हणणं साधं होतं. गुरुवारी दुपारी पहारेकरी चाळीत निरोप घेऊन आला की साहेबांनी सहा वाजता बोलावलंय. साहेबांचा निरोप असा होता की नारायणची चूक नव्हती, माझीही नव्हती, ये, समोर बसून सांगतो. गजेंद्र शिव्या द्यायलाच गेला होता. वर पोचला तर साहेब असे पडलेले. अजून धुगधुगी वाटली म्हणून त्याने डोकं मांडीवर घेतलं. पहारेकरी परत आला तो नेमका तेव्हा. तोवर तो चाळीतच चहा पीत बसला होता, म्हणजे साडेचार ते सव्वासहा फाटकावर कुणीच नव्हतं, आणि मागची भिंत तर स्फोटात पडलेलीच होती. कुणीही शिरावं.

"कळशीला हात लावलास?" दिघ्यांनी विचारलं.

"कसली कळशी?"

दिघ्यांनी त्याचे तळहात पाहिले. नुसती हवा लागली तरी हा माणूस दात खात होता. वेडाच्या भरात असा हात पाना उचलेलही, सोळंकी म्हणतात तसं. पण काठोकाठ भरलेली कळशी दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता, फरशीवर अलगद ठेवायची? ते या हातांचं काम नव्हतं. ती कळशी आधी टेबलावर होती. टेबलाच्या कडेला ओला गोल उमटून सुकल्याची खूण दिघ्यांनी गुरुवारीच पाहिली होती. कुणीतरी ती तिथून उचलून नीट खाली ठेवली होती, आणि नंतर माणूस मारला होता.

आधी पाणी सांभाळायचं आणि मग डोकं फोडायचं, हा काय प्रकार? दिघे कोठडीबाहेर आले तेव्हा उन्हं चढली होती आणि हातात एकच दिवस होता.

४

उदयसिंहरावांनी त्यांना बंगल्याच्या ओट्यावरच गाठलं. गृहस्थ साठीचे, मिशा पीळदार, आणि बोलणं अस्सल बडोद्याचं.

"मी तर आधीच म्हटलं होतं ने, दहा दिवस बंद ठेवा म्हणून," त्यांनी सुरुवात केली. हे वाक्य ते गेल्या महिन्यात भेटेल त्याला ऐकवत होते आणि लोकही माना डोलवत होते. दुसऱ्याची राख झाल्याशिवाय हा असा शहाणपणा कुणाच्या वाट्याला येत नाही.

दिघ्यांनी विचारलं, गुरुवारी तुमची गाडी कारखान्यापाशी होती असं पानवाला म्हणतो, ते खरं का? उदयसिंहराव चपापले. मग म्हणाले, होती. साडेपाचला गेलो होतो. भागीदारी मोडायचं बोलायला. फाटक उघडं, पहारेकरी गायब, वर दिवा. हाक मारली, उत्तर नाही, म्हणून परत फिरलो.

"वर गेला नाहीत?"

"नाही गेलो." मग ते म्हणाले, "वरून आवाज आला होता, दिघे. कणीक तिंबल्यासारखा. मला वाटलं कुणी दुरुस्ती करतंय. घरी आल्यावर कळलं काय ते."

खरं बोलत असतील तर डरपोक, खोटं बोलत असतील तर खुनी. आता सगळा कारखाना यांचाच होणार होता. दिघ्यांनी उठता उठता विचारलं, याआधीही कधी असं पाइपचं काम निघालं होतं का?

उदयसिंहराव ओशाळले. निघालं होतं. सहा वर्षांपूर्वी. तेव्हाही मुकुंदने हेच ठरवलं होतं, टाकी रिकामी करून एका दुपारचं काम. सगळं सुरळीत झालं. तेव्हा याच उदयसिंहरावांनी मंडळींसमोर मुकुंदच्या गळ्यात हार घातला होता आणि धडाडीचं कौतुक केलं होतं.

दिघे जागीच उभे राहिले. तोच माणूस, तीच टाकी, तोच निर्णय. एकदा हार आणि एकदा दगड. आणि ते सगळं त्यांच्या अहवालात कुठेच आलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलंच नव्हतं.

तिथून ते दिनकररावांच्या खोलीवर गेले. दिनकररावांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, खुर्ची पुसून दिली. गुरुवारी दुपारी ते करजणला गेले होते, बाजाराच्या दिवशी गर्दीत कोण कुणाला ओळखतो, साक्षीदार नाही. साहेबांचं वाईट झालं, असं ते म्हणाले. त्यांच्या मनगटावर ओरखडे होते. दिघ्यांची नजर गेलेली पाहून ते म्हणाले की मांजराने बोचकारलं. खोलीत मांजर काही दिसलं नाही, पण मांजर नसणं हा काही पुरावा नव्हे.

५

नागरवाड्यात मुकुंदच्या घराच्या खिडक्यांना काचांऐवजी पुठ्ठे लावले होते. दारावर कुणीतरी डांबराने 'खुनी' लिहिलं होतं, आणि आत त्याचीच बायको विधवा होऊन बसली होती.

वसुंधराबाईंनी दिघ्यांना बसा म्हटलं नाही. ते आपणहून बसले नाहीत. गुरुवारी काय झालं एवढंच त्यांनी विचारलं.

"दुपारी जेवायला आले होते," त्या म्हणाल्या. "महिनाभर कुणाशी बोलत नव्हते. रोज तेच. मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. आणि काल एकदम हसले. हसले, मग रडले, मग माझी तांब्याची कळशी उचलली आणि गाडीत घातली. म्हणाले, एकाला विचारून खात्री करतो, मग उद्या सगळ्यांसमोर सांगतो. कुणाला ते नाही सांगितलं."

"हसण्यासारखं काय झालं होतं?"

त्या वैतागल्या. काही नाही, नवी बाई कामाला आली होती, साताऱ्याकडची, तिला काहीतरी विचारत होते. दिघ्यांनी त्या बाईला बोलावलं. जिजाबाई घाबरतच पुढे आली. तिला वाटलं आपण काही फोडलं असणार.

तिने सांगितलं ते असं. मोरीत स्टुलावर बादली होती, आदल्या रात्रीच्या पाण्याने भरलेली. बाईसाहेब म्हणाल्या, एवढी बादली खाली कर गं. तिने केली. साहेब हात धुवायला आले होते, ते बघतच राहिले. तू कुठली विचारलं. बाईसाहेबांचा हुकूम पाळलास का, असं विचारलं. मग पाटावर बसून रडायला लागले.

"तू काय केलंस नेमकं?"

"बाईसायेब म्हनल्या तसं. खाली केली की."

दिघ्यांनी मोरीकडे बोट दाखवलं. स्टुलावर आजही बादली होती, अर्धी भरलेली. "करून दाखवा," ते म्हणाले. "ती बादली खाली करा."

जिजाबाईने पदर खोचला, बादली दोन्ही हातांनी उचलली आणि स्टुलावरून जमिनीवर ठेवली. पाणी तसंच होतं.

दिघ्यांनी वाकून बादलीत पाहिलं. बडोद्याला जन्म, बडोद्याला शिक्षण, बडोद्यालाच पेन्शन. घरी मराठी, दारी गुजराती, आणि दोन्हीची सरमिसळ जिभेवर कधी झाली ते कळलंही नाही. बडोद्यात डबा खाली करतात, खोली खाली करतात, पोतं खाली करतात, म्हणजे रिकामं करतात. सातारा-कोल्हापूरकडे हात खाली करतात, मान खाली करतात. हिंदीत कुणी सांगितलं असतं तर तिकडच्या माणसालाही कळलं असतं. पण मुकुंदची चिठ्ठी मराठीत होती. घरचं माणूस म्हणून घरच्या भाषेत लिहिलेली. 'टाकी खाली करून मगच वेल्डिंग.' वाचणाऱ्याने हुकूम अक्षरशः पाळला होता. चारशे लिटर थिनर साखळीवरून अलगद खाली आणलं होतं, ठिणगीच्या शेजारी.

आणि मुकुंदने खात्री कशी करून घेतली तेही आता कळलं. टेबलावर भरलेली कळशी ठेवली आणि आलेल्या माणसाला सांगितलं, जरा ही खाली करा.

दिघ्यांना एक साय धरलेला कप आठवला. ते टोपी न घेताच बाहेर पडले.

६

शनिवारी सकाळी नऊ वाजता मुकुंदच्या खोलीत दोघंच होते. दिघे टेबलामागे, समोर दिनकरराव. अहवालात दुरुस्ती करायची आहे असं सांगून त्यांना बोलावलं होतं. भिंतीवरचे डाग वाळून तपकिरी झाले होते. सोळंकी शेजारच्या खोलीत दार लोटून उभे होते, मनाविरुद्ध, घड्याळाकडे बघत.

टेबलावर तीच कळशी होती, काठोकाठ भरलेली. दिघ्यांनी कागद पसरायला घेतले आणि मान वर न करता म्हणाले, "दिनकरराव, कागदांना जागा होत नाही. जरा ती कळशी खाली करता?"

दिनकररावांचे हात कळशीकडे गेले. उचलली. क्षणभर ती त्यांच्या छातीशी तशीच राहिली. मग ते वळले, खिडकीपाशी गेले, आणि सगळं पाणी बाहेर ओतून दिलं.

दिघ्यांनी पेन ठेवलं.

"महिन्यापूर्वी माझ्या घरी मी तुम्हाला कप खाली करा म्हटलं. तुम्ही भरलेला कप जमिनीवर ठेवलात. आज कळशी ओतलीत. मधल्या दिवसांत तुम्हाला हा अर्थ कुणी शिकवला?"

दिनकरराव खिडकीशी उभे होते. कळशीतून शेवटचे थेंब गळत होते.

"हा शब्द दोन तऱ्हांनी वाचता येतो हे साऱ्या कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं," दिघे म्हणाले. "मलाही नव्हतं. मुकुंदला गुरुवारी दुपारी कळलं आणि सहाच्या आत तो मेला. मधे त्याने ते एकाच माणसाला सांगितलं. त्या माणसाने त्याच्यासमोर कळशी भरलेलीच जमिनीवर ठेवली होती. उदयसिंहराव बडोद्याचे, त्यांनी ओतली असती. गजेंद्रच्या हातांनी उचलली गेली नसती. आणि चिठ्ठी वाचणारे तुम्ही. चिठ्ठीत 'उतरवा' नव्हतंच. तो शब्द तुम्ही मला दिलात."

पुढचं इतक्या झटक्यात झालं की दिघ्यांना हात वर करायलाही सवड मिळाली नाही. कळशीचा काठ कपाळावर आदळला. डोळ्यांत रक्त उतरलं आणि ते खुर्चीसकट मागे पडले. छातीवर गुडघा आला, गळ्याभोवती बोटं आवळली गेली. दिनकररावांचा चेहरा अगदी जवळ होता. तो माणूस रडत होता.

सोळंकी आणि दोन शिपाई धावून आले. पहिल्या लाठीने हात सुटले नाहीत, दुसऱ्या लाठीने मनगट मोडलं तेव्हा सुटले.

"ते मला काही करणार नव्हते," दिनकरराव फरशीवर पडल्या पडल्या म्हणाले. "म्हणाले, दोष तुमचा नाही, माझा नाही, शब्दाचा आहे. उद्या सगळ्यांना समजावून सांगू. समजावून? त्यांच्या घराची काय गत झाली ते मी बघितलं होतं. पाच मढी पडली म्हणजे लोकांना एक माणूस लागतो. तो ते होते, उद्या मी झालो असतो. तुम्ही तर इन्स्पेक्टर, शिकलेले, तुम्हीसुद्धा मढीच मोजलीत की. मी पाना उचलला तेव्हा ते पाठमोरे होते, गजेंद्रसाठी पेला विसळत होते. पहिल्या फटक्याला वळले. माझं मनगट धरलं. मग मी थांबलो नाही."

"आणि कागद?"

"तो साहेबांच्या टेबलावरच होता. म्हटलं, बघणाऱ्याला कारण हवं."

७

गजेंद्र त्याच दुपारी सुटला. दवाखान्यात उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली. मिठाने आणि लाठीने ती कामातून गेली होती. फिटरचं काम त्याच्या हातून पुन्हा होणार नव्हतं. पद्मा खाटेपाशी बसून त्याला भात भरवत होती. दिघे दारातूनच परतले.

रविवारी कपाळाला पट्टी बांधून त्यांनी नवा अहवाल हाताने लिहिला. टाकी रिकामी करून काम उरकण्याचा निर्णय त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर योग्य होता. जीव जाण्यासारखं काम एका शब्दावर, तोंडी खुलासा न करता सोपवलं, ही चूक, आणि ती बडोद्यात कुणाच्याही हातून झाली असती. आपल्या पहिल्या अहवालाने एक निरपराध माणूस लोकांच्या तोंडी दिला, हेही त्यांनी लिहिलं. मग ते नागरवाड्यात गेले.

वसुंधराबाईंनी उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. दारावरचं डांबर कुणीतरी खरवडायचा प्रयत्न केला होता, पण अक्षरं दिसत होती.

"काका, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "खरं सांगाल?"

"विचारा."

"समजा, त्यांचा शब्द बरोबर वाचला गेला असता. टाकी रिकामी झाली असती. दिनकररावांनी काही चूक केली नसती, यांनीही नाही. आणि तरी कुठूनतरी वाफ राहून, ठिणगी पडून, ती पाचही माणसं गेली असती. शब्दाची भानगड नाही, कुणी खोटं बोललं नाही. मग तुम्ही काय लिहिलं असतं?"

योग्य होता असंच लिहिलं असतं, हे उत्तर दिघ्यांच्या जिभेवर आलं होतं. बाईचं समाधान झालं असतं आणि त्यांनाही रात्री झोप लागली असती. पण समोरची बाई तीन दिवसांत म्हातारी झाली होती आणि तिला खरं हवं होतं.

"मुकुंदलाच दोषी धरलं असतं," ते म्हणाले. "पाच प्रेतं पाहून आल्यावर दुसरं काही सुचलं नसतं मला. आजही तुमचा नवरा बरोबर होता म्हणून मी हे लिहिलेलं नाही. दोषी म्हणून दुसरा माणूस सापडला, म्हणून लिहिता आलं."

मोरीत जिजाबाई भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

वसुंधराबाईंनी अहवाल त्यांच्यासमोर पाटावर ठेवला, आतून दौत-टाक आणला आणि म्हणाल्या, "मग आत्ता बोललात तेही यात लिहा. सही त्यानंतर करा."

दिघे त्या घरात पहिल्यांदाच बसले. कपाळ ठणकत होतं, अक्षर वाकडं येत होतं. त्यांचं लिहून होईपर्यंत वसुंधराबाई समोर उभ्या राहिल्या.